शेपटीवरची पाच अक्षरं: जुनं किंग एअर विमान नेमकं कोणाचं?

आजचा भाग विमानांचा आहे. पण एअरबस, बोइंगचा नाही. दोन पंखे, सहा-सात खिडक्या, आत जेमतेम सहा-आठ माणसं बसतील एवढं छोटं विमान. मंत्री, उद्योगपती, सर्व्हेवाले, कधी पेशंट, सगळ्यांनी वापरलेलं. नाव बीचक्राफ्ट किंग एअर. आणि आजचा प्रश्न एकच आहे. असं जुनं विमान कोणाचं आहे, कुठून आलंय, आधी काय काय बघून आलंय, हे त्याच्या नंबरवरून कळतं का?

प्रश्न साधा वाटतो, पण यावरून एकदा देशभर गोंधळ झालाय, तोही आपल्या मुंबईत.

२८ जून २०१८. पावसाळी दुपार. जुहू विमानतळावरून किंग एअर सी-९० जातीचं एक विमान चाचणी उड्डाणाला निघालं होतं. दुरुस्तीनंतरची चाचणी. ते परत जुहूला पोचलंच नाही. घाटकोपर पश्चिमेला, जागृती नगरजवळच्या गल्लीत, एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी कोसळलं. विमानातले दोन वैमानिक आणि दोन इंजिनिअर गेले, आणि रस्त्यावरचा एक पादचारीही. पाच माणसं.

विमानावर अक्षरं होती व्हीटी-यूपीझेड. टीव्हीवर आणि ट्विटरवर पहिली बातमी काय आली? ‘उत्तर प्रदेश सरकारचं विमान मुंबईत कोसळलं.’ कारण ‘यूपी’ दिसलं ना! थोड्याच वेळात उत्तर प्रदेश सरकारला सांगावं लागलं की हे विमान आमचं नाही, आम्ही ते मुंबईतल्या एका खासगी कंपनीला केव्हाच विकलंय. अलाहाबादला त्याला एक अपघात झाला होता, त्यानंतर ते विकलं गेलं.

म्हणजे अक्षरं खरी होती, नोंदणीही खरी होती, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकला. हे कसं होतं, तेच आज समजून घेऊ.

व्हीटी म्हणजे काय?

मुंबईकराला व्हीटी म्हटलं की स्टेशन आठवतं. विमानात व्हीटी म्हणजे भारत. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाचं चिन्ह व्हीटीनं सुरू होतं, मग एक आडवी रेघ आणि पुढे तीन अक्षरं. रेडिओवर ही अक्षरं तशीच म्हणत नाहीत, कारण खरखरीत पी आणि बी सारखेच ऐकू येतात. म्हणून व्हिक्टर-टँगो-युनिफॉर्म-पापा-झुलू असं म्हणतात.

व्हॉट्सअपवर एक फॉरवर्ड फिरत असतो, की व्हीटी म्हणजे ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’, गुलामीची खूण. ही तक्रार संसदेतही मांडली गेलीय. पण अक्षरांचा उगम वेगळा आहे. १९२७ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषद झाली. कोणत्या देशानं रेडिओवर कोणत्या अक्षरांनी ओळख सांगायची याची तिथे वाटणी झाली. ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच प्रदेशांच्या वाट्याला ‘व्ही’ आला. म्हणूनच ऑस्ट्रेलियाची विमानं आजही व्हीएच लावतात. भारताच्या वाट्याला व्हीटीपासून पुढचा तुकडा आला. आपले हॅम रेडिओवाले व्हीयू वापरतात, तेही याच तुकड्यातलं. म्हणजे अक्षरं इंग्रजांच्या काळातली आहेत हे खरं, पण ती व्हाइसरॉयची आद्याक्षरं नाहीत.

आणि या अक्षरांचा इतिहास आपल्या जवळचाही आहे बरं का. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या पुस मॉथ विमानावर लिहिलं होतं व्हीटी-एडीएन. जुहूच्या धावपट्टीनं ही अक्षरं इतकी जुनी पाहिली आहेत.

हे किंग एअर आलं कुठून?

आता विमानाकडे वळू. अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. १९३२ मध्ये वॉल्टर बीच आणि त्यांची पत्नी ऑलिव्ह अ‍ॅन बीच यांनी तिथे विमानं बनवायची कंपनी काढली. तो काळ महामंदीचा, म्हणजे विमानाचा धंदा सुरू करायला सगळ्यात वाईट मुहूर्त. ऑलिव्ह अ‍ॅन आधीच्या एका विमान कंपनीत हिशेब आणि ऑफिसचं काम बघायच्या, त्यामुळे पैसा कुठे जातो हे त्यांना पक्कं माहीत होतं. १९५० मध्ये वॉल्टर वारले आणि त्यानंतर कंपनी त्यांनी चालवली. किंग एअर बाजारात आलं ते त्यांच्याच कारकिर्दीत.

त्याआधी कंपनीचं ‘क्वीन एअर’ नावाचं विमान होतं. त्यात पिस्टन इंजिन, म्हणजे तत्त्व आपल्या गाडीतलंच: सिलिंडर, पिस्टन, पेट्रोल. आवाज आणि थरथर भरपूर. मग कंपनीनं या क्वीनच्या अंगाला टर्बाइन इंजिनं लावली, केबिन हवाबंद केली, म्हणजे उंचावर गेलं तरी आत नीट श्वास घेता येईल. राणीनंतर राजा, म्हणून किंग एअर. पहिलं उड्डाण जानेवारी १९६४. त्याच वर्षी विक्रीही सुरू झाली.

म्हणजे हे डिझाइन साठ वर्षांहून जुनं आहे. पण ‘व्हिंटेज’ म्हटलं की आपल्याला म्युझियममधली गाडी आठवते, तसं इथे नाही. ९० मालिका सुधारत सुधारत २०२१ पर्यंत बनत राहिली. मोठी भावंडं, म्हणजे २०० आणि ३५० वगैरे, धरली तर किंग एअर घराण्यात ७,००० हून जास्त विमानं झाली.

यामागचं मोठं कारण म्हणजे इंजिन. त्याचं नाव पीटी-६. प्रॅट अँड व्हिटनीच्या कॅनडातल्या कंपनीनं ते बनवलं. टर्बोप्रॉप म्हणजे जेट इंजिनच, फक्त ताकद मागे फेकायच्या ऐवजी पंखा फिरवायला वापरायची. पीटी-६ ची गंमत बघा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक सुरू करा. दुसरा बंद असला तरी वाऱ्यानं फिरायला लागतो. पीटी-६ मध्ये तसंच आहे. एक टर्बाइन इंजिन चालवते, दुसरी पुढचा पंखा फिरवते, आणि दोघींना जोडणारा दांडा नाही, फक्त गरम वायू आहे. शिवाय हवा इंजिनच्या मागच्या बाजूनं आत शिरते आणि पुढे येऊन बाहेर पडते. म्हणून किंग एअरच्या पंख्याच्या लगेच मागे दोन्ही बाजूंना वाकडे नळकांडे दिसतात, झुपकेदार मिशीसारखे. ते सायलेन्सर! पुढच्या वेळी जुहूच्या कुंपणाबाहेरून ही मिशी दिसली तर ओळखा, पीटी-६ आहे.

हे इंजिन रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतं, जे जेट विमानं वापरतात तेच. विमान आखूड धावपट्टीवर उतरू शकतं. मग जिथे मोठं जेट जाणार नाही अशा जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबाला दुपारी पोचवून रात्री परत आणायला हे उत्तम. म्हणूनच भारतात अनेक राज्य सरकारांनी आणि उद्योगसमूहांनी किंग एअर घेतली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानंही हवाई सर्वेक्षणासाठी हीच जात वापरली. माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ ला मैनपुरीजवळ ज्या विमानाच्या अपघातात गेले, तेही किंग एअर सी-९० च होतं, एका उद्योगसमूहाचं.

नंबर वेगळा, जन्मखूण वेगळी

आता मुद्द्यावर. गाडीचं उदाहरण घेऊ. तुमच्या स्कूटरला दोन ओळखी असतात. एक नंबरप्लेट, एमएच १२ वगैरे. दुसरा चासी नंबर, लोखंडावर कोरलेला. प्लेट बदलू शकते. चासी नंबर जन्मापासून भंगारापर्यंत तोच.

विमानाचंही तसंच. शेपटीजवळची अक्षरं म्हणजे प्लेट. कारखान्यानं दिलेला सीरियल नंबर म्हणजे चासी नंबर. किंग एअर ९० चे सीरियल एलजे अक्षरांनी सुरू होतात. पहिलं विमान एलजे-१. मॉडेल २०० चे सीरियल बीबी अक्षरांनी. हा नंबर विमानाला ठोकलेल्या धातूच्या पट्टीवर असतो. याशिवाय नोंदणीचं चिन्ह कोरलेली एक वेगळी पट्टीही विमानात लावावी लागते, आणि ती आगीत न वितळणाऱ्या धातूची असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. का, ते सांगायला नको. सगळं जळालं तरी ओळख उरली पाहिजे.

काही नंबर मात्र स्वतःच माहिती देतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं टेक्सासमध्ये शेतघर होतं. तिथली धावपट्टी मोठ्या विमानाला पुरेशी नव्हती, म्हणून ते जवळच्या हवाई तळावरून छोट्या किंग एअरमधून घरी जायचे. राष्ट्राध्यक्ष आत बसले की तेच ‘एअर फोर्स वन’! ते विमान आज ओहायोत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. त्याचा लष्करी नंबर ६६-७९४३. पहिले दोन आकडे म्हणजे खरेदीचं आर्थिक वर्ष, १९६६. नागरी नंबरात अशी सोय नसते. व्हीटीच्या पुढची तीन अक्षरं वयही सांगत नाहीत, मॉडेलही नाही, मालकही नाही.

मग ‘यूपी’ काय होतं?

हौस. किंवा सोय म्हणा. आरटीओत जसा चॉइस नंबर मिळतो तशी विमानालाही पसंतीची अक्षरं मागता येतात, उपलब्ध असतील तर. म्हणून सरकारं, संस्था, कंपन्या आपल्या नावाची अक्षरं घेतात. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत द्वारकाजवळ सीमा सुरक्षा दलाचं किंग एअर कोसळलं आणि दहा जण गेले. त्या विमानाचं चिन्ह होतं व्हीटी-बीएसए. तिथे अक्षरांवरून बीएसएफ असा अंदाज केला असता तर तो बरोबर निघाला असता.

पण विमान विकलं की? देशातल्या देशात विकलं तर चिन्ह तेच राहू शकतं. पुण्यातली गाडी पुण्यातल्याच माणसानं घेतली तर नंबर बदलतो का? नाही. आरसी बुकावर नाव बदलतं. विमानातही मालकाचं नाव नोंदणी प्रमाणपत्रावर आणि डीजीसीएच्या नोंदवहीत बदलतं, रंगवलेली अक्षरं तशीच राहतात. घाटकोपरच्या विमानाचं नेमकं हेच झालं. चिन्ह जुन्या मालकाच्या हौसेचं, विमान नव्या मालकाचं.

देश बदलला की मात्र सगळंच बदलतं. १९४४ च्या शिकागो कराराचं सतरावं कलम म्हणतं की विमान जिथे नोंदलेलं, त्या देशाचं त्याला राष्ट्रीयत्व. अठरावं कलम म्हणतं की एका वेळी दोन देशांत नोंदणी चालणार नाही. म्हणजे विमानाला दुहेरी नागरिकत्व नाही! अमेरिकेतलं जुनं किंग एअर भारतात आणायचं तर तिथलं ‘एन’नं सुरू होणारं चिन्ह आधी रद्द करायचं, तसा कागद आणायचा, मगच इथे व्हीटी मिळणार. आपल्याकडे दुसऱ्या राज्यात गाडी नेताना एनओसी लागते ना, त्याचीच मोठी आवृत्ती.

यात एक खाच आहे. अमेरिकेत रद्द झालेला एन नंबर नंतर दुसऱ्या विमानाला दिला जातो. त्यामुळे नुसता एन नंबर शोधला तर दोन-तीन वेगळ्या विमानांच्या गोष्टी एकमेकांत मिसळतात. इंटरनेटवर जुन्या विमानांबद्दल जो घोळ दिसतो त्यातला बराचसा इथून येतो.

आणखी एक. नोंदणी म्हणजे मालकीचा पुरावा, असंही नाही. अमेरिकेचा कायदा स्पष्ट सांगतो की नोंदणी प्रमाणपत्र राष्ट्रीयत्वाचा निर्णायक पुरावा आहे, मालकीचा नाही. विमान बँकेचं असू शकतं, भाड्यानं घेतलेलं असू शकतं, ट्रस्टच्या नावावर असू शकतं. सोसायटीच्या बोर्डावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव वेगळं असतं, तसं समजा.

खरा इतिहास कुठे असतो?

वह्यांमध्ये. प्रत्येक विमानाची लॉगबुकं असतात. सांगाड्याची वेगळी, प्रत्येक इंजिनची वेगळी, पंख्यांची वेगळी. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, कोणता भाग कधी बदलला, कोणी सही केली. विमानाचं वय नुसत्या वर्षांत मोजत नाहीत. तासांत मोजतात, उतरण्याच्या संख्येत मोजतात, आणि कॅलेंडरवरही मोजतात. पीटी-६ च्या सी-९० वरच्या आवृत्त्यांना साधारण ३,६०० तासांनी पूर्ण उघडून ओव्हरहॉल करायचं असतं, आणि त्याच्या निम्म्यावर गरम भागाची तपासणी.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगतो. ‘कमी उडालंय’ हे जुन्या विमानाचं कौतुक नसतं. न उडालेलं विमान आराम करत नसतं, आतून खराब होत असतं. रबरी सील कडक होतात, टाक्यांत पाणी साठतं, सांध्यांत गंज धरतो. समुद्राजवळ तर विचारूच नका, खारा वारा अ‍ॅल्युमिनियमला सोडत नाही. म्हणून दीर्घ मुक्कामानंतरचं पहिलं उड्डाण नेहमीच्या उड्डाणासारखं नसतं. त्यासाठी हवामान, वैमानिक, कागद, सगळंच जास्त काळजीनं बघावं लागतं. घाटकोपरनंतर विचारायचे प्रश्न हे होते: विमान किती काळ जमिनीवर होतं, दुरुस्तीत काय केलं, कोणत्या हवामानात चाचणीला निघालं, आणि दाट वस्तीवरून का. पण पहिला काही वेळ गेला कशात? ‘यूपी’ कोणाचं यात.

फोन हातात आहे, तर एवढं करा

तुमच्यापैकी बरेच जण फ्लाइटरडार बघता, मला माहितीये. वर विमान दिसलं की नकाशावर टॅप. तिथे चिन्हाबरोबर कधीकधी सहा अक्षरी एक कोडही दिसतो. तो विमानातलं ट्रान्सपॉन्डर नावाचं यंत्र पाठवत असतं. हा कोडही देशानुसार वाटलेला असतो. भारतीय विमानांचा ८ पासून सुरू होतो, अमेरिकेतल्यांचा ए पासून. नोंदणीचा देश बदलला की हा कोडही बदलतो. म्हणजे तो चासी नंबर नव्हे, प्लेटचाच भाऊ आहे. हे लक्षात ठेवा.

जुन्या विमानाचा माग काढायचा तर क्रम असा ठेवा. आधी चिन्ह. चिन्हावरून सीरियल नंबर. मग सीरियल नंबरवरून मागे जायचं: कोणत्या वर्षी बनलं, कोणत्या देशांत कोणत्या चिन्हानं फिरलं. अमेरिकेच्या विमान नोंदणीची यादी ऑनलाइन कोणालाही बघता येते, त्यात सीरियल, वर्ष, नोंदलेला मालक सगळं असतं. आणि प्रत्येक माहितीला तारीख विचारा. ‘मालक कोण’ हा अर्धाच प्रश्न आहे, ‘कोणत्या दिवशी’ हा उरलेला अर्धा.

आणि समजा उद्या तुमच्या कंपनीनं, नाहीतर घरच्या पेशंटसाठी एखादं छोटं विमान भाड्यानं घ्यायची वेळ आली, तर रंग आणि सीटचं लेदर बघू नका. तीन गोष्टी विचारा. एक, चालवणाऱ्या कंपनीकडे डीजीसीएचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना आहे का, आणि हे विमान त्या परवान्यात नोंदलेलं आहे का. कारण खासगी वर्गात नोंदलेलं विमान भाड्यानं माणसं नेऊ शकत नाही. दोन, उड्डाणयोग्यतेचं पुनरावलोकन प्रमाणपत्र, ज्याला एआरसी म्हणतात, ते चालू आहे का. त्याची मुदत वर्षाची असते. तीन, विमान गेल्या काही महिन्यांत नियमित उडतंय का. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला ऑपरेटर चिडत नाही, कागद पाठवतो.

साठ वर्षं जुनं डिझाइन आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. नीट सांभाळलेलं तीस वर्षांचं किंग एअर दुर्लक्षित दहा वर्षांच्या विमानापेक्षा बरं. फक्त ‘नीट सांभाळलेलं’ हे शेपटीवर कुठेच लिहिलेलं नसतं. शेपटीवर तीस सेंटिमीटर उंचीची अक्षरं असतात, ती फक्त एवढंच सांगतात की या क्षणी हे विमान कोणत्या देशाच्या वहीत आहे. बाकी सगळं त्या वहीत आणि हँगरमधल्या लॉगबुकांत शोधावं लागतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याही अपघाताच्या पहिल्या तासात ‘हे अमक्याचं विमान’ असा मेसेज ग्रुपवर आला, तर तो पुढे ढकलण्याआधी एवढं विचारा: हे चिन्हावरून म्हणताय की नोंदवहीवरून? तुमच्या घरावरून रोज कुठलं विमान जातं, त्याचं चिन्ह वाचता आलं का, ते कॉमेंटमध्ये लिहा. मिशी दिसली का तेही सांगा. भेटू पुढच्या भागात.